वीतभर मागे

११ जानेवारी

डॉक्टरीणबाईंना,

परीक्षा होईपर्यंत फोन नको, काही सांगायचं असेल तर लिहा, असं म्हणून तू फोन ठेवलास. आधी वाटलं, रागाने म्हणालीस. मग वाटलं, सोय चांगली आहे. फोनवर मी तुझं वाक्य पुरं होऊ देत नाही. पत्रात मला तुला तोडता येत नाही आणि तुला मला.

पहिली गोष्ट. "नापास झालीस तर परत ये, त्यात काय एवढं," हे मी म्हणालो आणि तुला लागलं. वाक्य पुन्हा तपासून पाहिलं. वाक्यात मला चूक दिसत नाही. दहावी नापास माणसाने ते म्हणायला नको होतं, एवढंच.

दुसरी गोष्ट. तू भडाभडा बोललीस त्यात सगळं मागेपुढे झालं होतं, म्हणून मी ओळीने मांडतो. चुकलं तर कळव. डोळे तपासायची तुझी चार वर्षांची पदवी परदेशातल्या मंडळाने मान्य केली. लेखी परीक्षा तू पहिल्या फटक्यात काढलीस. प्रात्यक्षिकातही सगळं निभावलं, फक्त रेटिनोस्कोपीला अडलं. पेशंटच्या डोळ्यात दिव्याची रेघ टाकायची, ती कशी हलते ते बघत काचा बदलायच्या आणि त्याला एक शब्द न विचारता नंबर काढायचा. आपल्या चष्म्याच्या दुकानात हे काम तू पेशंटच्या मुलाबाळांची चौकशी करत करत करायचीस. तिकडे तिघांचे नंबर काढायला दिले आणि तिघांचेही अर्ध्याने चुकले, प्रत्येकाचा प्लसकडे. का चुकले ते परीक्षक सांगत नाहीत. सांगायचं नसतं म्हणे.

आता मार्चमधली संधी शेवटची. पुढे वयाची अट आडवी येते. पास झालीस तर तिकडे दारावर तुझ्या नावाची पाटी, आणि मला "अवलंबून असलेला पती" म्हणून यायचा परवाना. नापास झालीस तर घरी.

"दोन्हींतलं तुम्हाला काय हवंय?" असं तू विचारलंस. मग तुला वाटलं लाइन गेली, आणि तू दोनदा हॅलो हॅलो केलंस. लाइन गेली नव्हती.

माझ्या अनुभवपत्राचं दुःख अजून ताजं आहे, तेही सांगून टाकतो. तू किती वर्षं माझ्याकडे कामाला आहेस, कुठली तपासणी कशी करतेस, कुठलं यंत्र वापरतेस, सगळं मी तीन पानांत लिहिलं होतं. त्यांनी परत पाठवलं, की नवऱ्याचं पत्र चालत नाही. अरे, ती आधी माझ्याकडे कामाला होती, नवरा मी नंतर झालो! हे मी त्यांना कळवायला निघालो होतो, तर तूच हात धरलास.

आई बरी आहे. जेवण मीच करतो. तिच्या मते मी करतो त्याला जेवण म्हणत नाहीत.

मालक


२७ जानेवारी

डॉक्टरीणबाईंना,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी. त्यातल्या दोन आईच्या गुडघ्यांवर, एक तिकडच्या थंडीवर. उरलेल्या तीन मी पाठ केल्या आहेत.

पोटापुरतं काम मिळालं हे चांगलं झालं. पाटी नाही तोवर डोळे तपासायचे नाहीत, फक्त फ्रेम नाकावर बसवायची, काड्या कानामागे वळवायच्या, काचा पुसून द्यायच्या. म्हणजे तिकडे तू मी झालीस! आता एक लक्षात ठेव. प्लास्टिकची काडी वळवण्याआधी गरम कर, पण वाफेवर धरू नकोस, रंग उडतो. आणि गिऱ्हाईक "छान बसला" म्हणालं तरी त्याला एकदा खाली वाकून बूट बघायला सांग. चष्मा घसरला तर बसलेला नाही. हे तुला मी शंभरदा सांगितलं होतं आणि तू शंभरदा म्हणाली होतीस, "ते तुमचं काम."

तुझ्या जागी एकाला ठेवलं आहे. पदवी आहे, वागायला बरा आहे, उंच फार. दारातून येताना वाकतो. आई त्याला उंट म्हणते आणि ते त्याला ऐकू जातं. पहिल्याच दिवशी तपासणीच्या खोलीत गेला आणि बाहेर येऊन मला म्हणतो,

"काका, हा स्टूल जमिनीला का ठोकलाय?"

"हलू नये म्हणून."

"पण माझे गुडघे पेशंटच्या गुडघ्यांना लागतात."

"मग गुडघे घरी ठेवून येत जा."

हसला बिचारा. पण रोज विचारतो. त्याला चाकांचा स्टूल हवा आहे. मी म्हटलं, फरशी घसरते. तुलाही हेच सांगितलं होतं. तू तेव्हा म्हणालीस, "मालक, हा स्टूल अगदी तुमच्यासारखा आहे. जागचा हलत नाही आणि पाठ तेवढी ताठ." पुढे आपलं लग्न ठरलं तेव्हा मी हा शेरा प्रशंसा म्हणून धरला.

संध्याकाळी तो गेला की खोली मीच पुसतो. पेशंटच्या मागच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, समोरचा आरसा, डाव्या हाताला काचांची पेटी. तुझ्या पेटीत काचा त्याने उलटसुलट लावल्या होत्या, मी पुन्हा जागेवर लावल्या. आरशात उलट्या तक्त्याची अक्षरं सरळ दिसतात आणि पेशंटची खुर्ची दिसते. तुझी जागा आरशात येत नाही. हे इतक्या वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं, कारण पेशंटच्या खुर्चीत मी कधी बसलोच नव्हतो.

आई विचारते, "कधी येते?" मी सांगतो, परीक्षा झाली की कळेल. ती म्हणते, "म्हणजे तुझ्या मनात काय आहे?" तुझ्यासारखंच.

मालक


९ फेब्रुवारी

हे पत्र टाकायचं नाही असं आधीच ठरवलं आहे, म्हणून यात खरं लिहितो.

तू "तिघांचेही अर्ध्याने, प्लसकडे" म्हणालीस तेव्हाच मला कळलं. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आधी.

तू कामाला लागलीस ते पहिले महिने आठव. चष्मे परत यायचे. "लांबचं जरा पुसट दिसतं हो." तू पुन्हा तपासायचीस, नंबर बदलून द्यायचीस, आणि काच कापणाऱ्याची चूक असेल असं म्हणून माझ्याकडे बघायचीस. काच मी कापलेली असायची. मी प्रत्येक काच मोजायचो, काच बरोबर असायची. मग एके दिवशी पडद्याच्या फटीतून तुला काम करताना पाहिलं.

तुझा हात आखूड आहे. पेशंटच्या डोळ्यांसमोरची काच बदलायला तुला पुढे वाकावं लागतं. वाकायचीस, काच बदलायचीस आणि मागे जायचीस, पण पूर्ण मागे नाही. तू हिशेब करायचीस सदुसष्ट सेंटिमीटरचा, त्या अंतरापोटी आलेल्या नंबरातून दीड वजा करायचीस, आणि बसलेली असायचीस जेमतेम अर्ध्या मीटरवर. तिथून बघितलं तर दोन वजा करायला हवेत. राहिला अर्धा, प्लसकडे. हे तुला मी शिकवायचं असं नाही, तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात आहे. मी तिथूनच वाचलं. तुला त्यातलं अक्षरन् अक्षर येत होतं. पण आपण त्या अंतरावरच बसलो आहोत याची तुला खात्री होती, आणि खात्री असलेली गोष्ट कोण कशाला मोजेल?

तुला सांगायचं कसं? पगार मी देत होतो, पण पदवी तुझी होती. मी पुस्तकं वाचून, कारखान्यात काचा घासून, जमेल तसं शिकलेला माणूस. "बाई, तुम्ही नीट बसत नाही," असं पदवीवाल्या बाईला सांगायला जीभ वळेना. शिवाय तेव्हा लग्नाचं विचारायचं माझ्या मनात घोळत होतं. सुरुवात अशी करायची?

म्हणून एका रविवारी ड्रिल आणलं. स्टुलाला मागे पाठ जोडली आणि पेशंटच्या खुर्चीपासून मोजून चार बोल्ट मारले. पाठ टेकलीस की तुझा डोळा सदुसष्टवर. काच बदलायला कितीही वाकलीस तरी पाठ टेकायला मागे येशीलच, कारण तुझी कंबर दुखते. चष्मे परत यायचे थांबले. तू म्हणालीस, बघा, काच कापायला आता हात बसला तुमचा. मी म्हटलं, हो.

यात माझी चूक झाली असं मी अजूनही मानत नाही. तू माझ्या चुका गिऱ्हाइकासमोर काढायचीस. "मालक, हिच्या काचांची मध्यं बुबुळांसमोरून सरकलीत, नव्याने करा." आणि सरकलेली असायची. मी तुझी झाकली. प्रत्येकाची रीत.

तिकडच्या स्टुलाला चाकं असतील आणि पाठ नसेल. तुला एक ओळ लिहिली की काम होईल. ती ओळ लिहिली तर तू पास होशील, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि पास झालीस तर येणार नाहीस.

मी तिकडे येऊन काय करू? माझ्याकडे दाखवायला कागद नाही. इकडे निदान रस्त्यावरचा माणूस सांगतो, चष्मा त्यांच्याकडून करा, ते सुईत दोरा ओवावा तसा नेमका करतात. तिकडे मी तुझ्या दुकानाचं शटर उघडणार, आणि लोक तुला विचारणार, हे कोण?

ओळ लिहिली नाही तर तू उन्हाळ्याच्या आत घरी.


१० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना,

तुझं दुसरं पत्र मिळालं. सरावाला माणूस मिळत नाही, सोबत राहणारी मुलगी दमून येते तरी बसते, तिचाही नंबर कधी बरोबर येतो, कधी अर्ध्याने चुकतो, असं लिहिलं आहेस. माझं मत विचारलं आहेस.

माझं मत असं की डोळ्यांचा दोष असावा. वय कुणाला चुकलं आहे? जवळचा चष्मा तुला लागला आहे, तो तू लावत नाहीस. रेघ नीट दिसली नाही तर असं होऊ शकतं. चांगल्या ठिकाणी तपासून घे आणि नवा चष्मा कर. फ्रेम हलकी घे.

जिवाला फार त्रास करून घेऊ नकोस. होईल ते होईल.

इकडे सगळं ठीक. उंटाने एक फुलदाणी फोडली.

मालक


३ मार्च

डॉक्टरीणबाईंना,

काल मी फोन न करण्याचा नियम मोडला. का मोडला ते फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

काल सकाळी तुझं पत्र आलं. नवा चष्मा केला, तरी तेच, असं लिहिलं होतंस. "तुम्ही म्हणालात ते खरं असेल, डोळेच गेले बहुतेक. परीक्षेला बसत नाही. परत येते. दुकानात माझी जागा आहे ना?" इथवर वाचलं आणि खोटं कशाला बोलू, मी दुकानाच्या पाट्या धुवायला काढल्या. काउंटर पुसला. आईला हाक मारून सांगितलं, येते म्हणून. मग चहा ठेवून शेवटची ओळ वाचली. "पण तपासायला मला बसवू नका. मला आता कुणाच्या डोळ्यात बघायची भीती वाटते."

चहा उतू गेला.

तू परत यायला हवी होतीस. तू म्हणजे, "मध्यं सरकलीत, नव्याने करा," म्हणणारी. ही कोण लिहीत होती?

तू फोन उचललास आणि पहिलंच विचारलंस, "आई बऱ्या आहेत ना?"

"ठणठणीत आहे. वीतभर मागे सर."

"काय?"

"काच बदललीस की मागे येतेस ना, ती पूर्ण येत नाहीस. वीतभर पुढे राहतेस. तुझ्या मागे पाठ नाहीये तिकडे. वीतभर मागे सर आणि मग रेघ बघ."

या वेळी हॅलो हॅलो मी केलं. मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि तू तो बंद केला नाहीस. खुर्ची ओढलेली ऐकू आली. "बस गं इथे. दोन मिनिटं. लांब बघ, माझ्याकडे नको." पेटीचं झाकण. काचेवर काच टेकल्याचा तो बारीक आवाज, जो ऐकून मी बाहेरच्या काउंटरवर कितीतरी वर्षं काम केलं. पुन्हा खुर्ची सरकली, या वेळी मागे. मग तू पुटपुटत वजाबाकी केलीस. तुला वजाबाकी मोठ्याने करायची सवय आहे हे मी विसरलो होतो.

दुसरा डोळा. पुन्हा वजाबाकी.

मग तू फोन उचललास. "आला. बरोब्बर आला."

"येणारच."

"फरशी घसरत नव्हती तर."

"नव्हती."

"इतकी वर्षं, मालक? मला सांगायचं ना!"

"तू शिकलेली होतीस."

"म्हणून ठोकून ठेवलंत?"

तू पुढे विचारलंस, हे तुम्हाला सुचलं कधी? मी म्हणालो, आत्ताच, पाट्या धुताना.

हे खोटं आहे. नऊ फेब्रुवारीला एक पत्र लिहून ठेवलं होतं, ते सोबत जोडलं आहे. त्यानंतर दुसऱ्या दिवशीचं, चष्मा बदल म्हणून सांगणारं, तुझ्याकडे आहेच. दोन्ही शेजारी ठेवून वाच. दोन्हींतलं मला काय हवंय, असं तू विचारलं होतंस. मला काय हवं होतं ते त्यात आहे. त्यासाठी मी काय केलं तेही आहे.

परीक्षेला बस. सोबत एक दोरीही घातली आहे. एक टोक पेशंटच्या चष्म्याच्या काडीशी धर, दुसरं, गाठ मारलेलं, तुझ्या डोळ्याच्या कडेशी. परीक्षेत दोरी चालणार नाही, पण तोवर तुझ्या कमरेला कळेल कुठे थांबायचं. गाठ मी तीनदा मोजून मारली आहे.

मालक


१९ मार्च

डॉक्टरीणबाईंना,

आज तुझी परीक्षा. मी हे लिहीत असताना तू पेशंटसमोर बसलेली असशील किंवा बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघत असशील.

माझं जाडजूड पाकीट तुला मिळालं असणार. तुझं उत्तर नाही. फोन नाही. अभ्यासात असशील असं मी आईला सांगतो. आई म्हणते, "मला काय सांगतोस, स्वतःला सांग." रागावली असशील तर त्यात मला वावगं दिसत नाही. एकदा चूक झाकली ती तुझ्यासाठी. दुसऱ्यांदा झाकली ती माझ्यासाठी. दोन्ही वेळा हत्यार एकच होतं, न सांगणं; म्हणून काम एकच होत नाही.

दुकान आज बंद ठेवलं. उंटाला म्हटलं, सुट्टी घे, तुझा चाकांचा स्टूल उद्या येतो आहे. त्याने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सकाळी बोल्ट काढायला बसलो. गंजले होते. तीन निघाले, चौथा कापावा लागला. स्टूल उचलून माळ्यावर ठेवला. पाठ मात्र स्क्रू काढून वेगळी केली आहे. कापड तुझ्या बाजूने झिजून गुळगुळीत झालं आहे, ते तसंच राहू दिलं.

फरशीत चार भोकं राहिली. खरं म्हणजे ठरवलं होतं, निकाल येईपर्यंत तशीच ठेवायची. पास झालीस तर बुजवायची, नापास झालीस तर स्टूल पुन्हा त्याच जागी, त्याच मापाने. बराच वेळ त्या भोकांकडे बघत बसलो. मग उठून सिमेंट कालवलं.

आई काठी टेकत आली आणि दारात उभी राहिली.

"काय बुजवतोस?"

"भोकं."

"मग ती बसणार कुठे?"

"तिकडे."

"आणि तू?"

मी सिमेंट थापत राहिलो. ती म्हणाली, "पाणी कमी घातलंस. तडा जाईल." आणि गेली. पाणी खरंच कमी होतं.

तू मला बोलावशील की नाही, माहीत नाही. बोलावलंस तर अर्जात माझ्या नावापुढे "अवलंबून" लिहायचं असतं. जानेवारीत त्या शब्दावर मी तुझ्याशी तासभर वाद घातला होता. आता लिही. त्यांच्या कार्यालयात हा शब्द पोचायच्या आधीपासून ते खरं आहे. आणि बोलावलं नाहीस तर पाठ पार्सलने पाठवतो. तिकडच्या कुठल्याही स्टुलाला बसेल. स्क्रूची भोकं मी लांबट केली आहेत, म्हणजे पुढेमागे सरकवून तुझी तूच लावशील.

सिमेंट संध्याकाळपर्यंत वाळलं. पॉलिश पेपरने घासलं, ओल्या फडक्याने पुसलं. बोट फिरवलं तर जोड लागत नाही. रंग मात्र फरशीशी जुळला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला समजणार नाही, पण पेशंटच्या खुर्चीत बसून खाली पाहिलं की चार ठिपके दिसतात. कुणीतरी समोर बसायचं, इतक्या अंतरावर.

मालक